कारकीर्द नसलेल्यांची गोष्ट

थोर हुशोव्ड या नॉर्वेच्या सायकलपटूची कारकीर्द सांगणे तसे सोपे आहे. ‘टूर द फ्रान्स’मधील हिरवी जर्सी २००५ आणि २००९ साली, जागतिक अजिंक्यपद २०१० साली, निवृत्ती २०१४ साली. ‘कारकीर्द’ हा फारसीतून आलेला शब्द मराठीत राजेरजवाड्यांच्या अमदानीसाठी रुळला. राज्यारोहण, स्वाऱ्या, अखेर हा बखरीचा साचा व्यावसायिक खेळाडूच्या आयुष्याला चपखल बसतो.

प्रश्न उभा राहतो तो आपल्या नाशिकच्या दोन भावांविषयी लिहिताना. डॉ. हितेंद्र महाजन भूलतज्ज्ञ, डॉ. महेंद्र महाजन दंतवैद्य. २०१५ साली या दोघांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. ती पुरी करणारा हा पहिला भारतीय संघ. पॅसिफिककाठच्या ओशनसाइडपासून अ‍ॅनापोलिसपर्यंतचे हे अंतर सुमारे ४८०० किलोमीटर आणि संघांना मुदत नऊ दिवसांची. म्हणजे मुदत संपायला उरले होते जेमतेम नऊ तास. यांच्या आयुष्याला ‘कारकीर्द’ म्हणायचे तर ती दवाखान्यातली. मग रस्त्यावरच्या त्या आठ दिवसांना काय म्हणावे?

मागे वर्गात या विषयावर मी एक उतारा लिहायला सांगितला होता. जवळजवळ प्रत्येक वहीत जिद्द, चिकाटी, गगनभरारी हे शब्द होते. काहींनी ‘आधुनिक वारी’ही म्हटले होते. दोष विद्यार्थ्यांचा नाही. गौरवाची ही तयार भाषा वृत्तपत्रांनी आणि आम्ही शिक्षकांनीच त्यांच्या हाती दिली आहे. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते त्या जिल्ह्यात वारीची उपमा सुचणे स्वाभाविक आहे, पण ती फसवी आहे. वारीत मागे राहिलेला वारकरी बाद होत नाही. येथे मात्र घड्याळ हाच देव. लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांचा २०१६ चा एकेरी प्रयत्न अपुरा राहिला. २०१७ साली त्यांनी ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत शर्यत पुरी केली. पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत पोहोचले. एकेरी स्पर्धकाची मुदत बारा दिवसांची आहे, हे ध्यानात घेतले की या आकड्यांतले भय कळते. ‘जिद्द’ या शब्दात ते भय मावत नाही.

शिवाय गौरवाची भाषा एकाच माणसाकडे पाहते. दुहेरी संघात एक भाऊ चालवतो तेव्हा दुसरा गाडीत पाठ टेकतो. धावत्या बदलाच्या वेळी एकाच्या चाकाला दुसऱ्याचे चाक समांतर यावे लागते. रात्रभर मागची गाडी तिच्या दिव्यांच्या उजेडात सायकलस्वाराला सांभाळून नेते. त्या गाडीतला चालक, नकाशा पाहणारा, खाऊ घालणारा हेही तितकेच जागे असतात. आपल्या चरित्रलेखनात यांना जागा कोठे आहे? दोन चाके क्षणभर शेजारी येतात तो क्षण मराठीत कोणी लिहिला, तर भावाभावांच्या नात्यावरचे ते एक उत्तम पान ठरेल.

त्या वह्यांत एक वही निराळी होती. एका मुलीने महाजनांचा उल्लेख दोन ओळींत संपवून, सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळीला सायकलने जाणाऱ्या आपल्या आजोबांविषयी लिहिले होते: परतताना चढावर ते उतरून चालत, आणि चालताना त्यांना झोप येई. शर्यतीतल्या आठव्या रात्रीची थोडीफार कल्पना मला त्या वाक्याने दिली. वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी दिली नव्हती. याचा अर्थ कामगाराची सायकल आणि डॉक्टरांची सायकल एकच, असा नव्हे. एकाला चढ निवडता आला, दुसऱ्याला नाही. हा फरक पुसून टाकणारे लेखन खोटेच ठरेल. परंतु दमलेल्या देहाची भाषा दोघांनाही लागते, आणि ती गौरवगीतात सापडत नाही.

पुढील पिढी आलीच आहे. डॉ. हितेंद्र यांचे चिरंजीव ओम यांनी २०२० साली, सतराव्या वर्षी, श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर ८ दिवस ७ तास ३८ मिनिटांत कापले. बातम्या आल्या, सत्कार झाले. विक्रम आज ना उद्या मोडतात, तो त्यांचा धर्मच आहे. त्या आठ दिवसांचे गद्य मात्र अजून लिहिले जायचे आहे, आणि ते काम सायकलपटूंचे नाही, आपले आहे.