सुकाळाचें वर्ष आणि खरें उत्पन्न

पाऊस वेळेवर झाला, भाव चढा मिळाला, कीं त्या सालची रक्कम हेंच आपलें उत्पन्न समजून लग्नाचा व घराचा बेत ठरतो. आमच्या मतें शेतकऱ्याचें खरें उत्पन्न म्हणजे निदान दहा वर्षांची सरासरी होय.

अर्थशास्त्राचा ओघहि याच बाजूस आहे. अमेरिकेंतील मिल्टन फ्रीडमन यांनीं १९५७ सालीं प्रतिपादन केलें कीं, कुटुंबें दीर्घकाळच्या मिळकतीच्या अंदाजावर खर्च बेततात. अवचित आलेली वाढ बहुतांशीं शिलकेंत पडते. क्रिस्टिना पॅक्सन यांस थायलंडांतील भातशेतकऱ्यांविषयीं असेंच आढळलें. पावसानें मिळालेल्या जादा प्राप्तीचा मोठा भाग ते शिल्लक टाकतात, असें त्यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलें. तेव्हां शेतकऱ्यास हिशेब कळत नाहीं, हा आक्षेप टिकत नाहीं.

परंतु हिशेब कळणें निराळें व तो निभावणें निराळें. इक्रिसॅट संस्थेनें १९७५ पासून सोलापूर जिल्ह्यांतील शिरापूर, अकोला जिल्ह्यांतील कंझरा आदि गांवच्या कुटुंबांचा जमाखर्च वर्षानुवर्षें टिपला. त्या नोंदींवरून रोझेन्झ्वाइग व वोलपिन यांनीं १९९३ सालीं दाखविलें कीं, वाईट सालीं शेतकरी बैल विकून घर चालवितो. चूल पेटते खरी. पण पुढील पेरणीस बैल नसतो आणि सरासरीच खालीं येते.

जुन्या मुंबई इलाख्यांत सारा तीस तीस वर्षें कायम ठरे, तो सुकाळाची शिल्लक दुष्काळांत कामीं येईल, या गृहीतावर. ती शिल्लक सुरक्षित ठेवण्याची सोय मात्र रयतेपाशीं नव्हती. ती उणीव सावकारानें आपल्या रीतीनें भरून काढली. आजहि पैसेवारी एकाच हंगामाची निघते. घर मात्र अनेक हंगामांवर चालतें.

म्हणून आमच्या सूचना दोन. पहिली सोसायट्यांस: माल विकतांनाच सभासदाच्या संमतीनें कांहीं रक्कम ठेवींत घ्यावी व ती पडत्या सालीं विनाविलंब परत द्यावी. दुसरी शेतकरी बंधूंस: दरसालचें निव्वळ उत्पन्न वहींत मांडावें, आणि कर्जाचा हप्ता व लग्नाचा खर्च त्या सरासरीवरून ठरवावा. सुकाळाची वरकड ही पुढील दुष्काळाची बेगमी आहे. ती शाबूत राहील, तरच गोठ्यांतील बैल शाबूत राहील.