मुक्या सोबत्याची बदललेली चाल

डहाणूहून बोर्डी-घोलवडकडे जाणाऱ्या वाटेवर सकाळी फिरणारी वडीलधारी माणसे आपल्या परिचयाची असतील. हातात काठी आणि मागून रमतगमत येणारा कुत्रा. वयाबरोबर दोघांचीही चाल मंदावते. म्हणून कुत्रा लंगडू लागला की आपण सहज म्हणतो, ‘त्याचेही गुडघे गेले असतील.’ पुष्कळदा ते खरेही असते. परंतु बदललेली चाल हे केवळ लक्षण होय. त्यामागचे कारण काट्याइतके क्षुल्लक असेल किंवा जीवघेणेही असेल.

प्रथम नीट पाहावे. कुत्र्याला सपाट जागी, पट्टा सैल सोडून, संथपणे चालवावे. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर उचलले जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. या चालीचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. दवाखान्यात बावरलेला कुत्रा पुष्कळदा लंगडतच नाही. तेव्हा पशुवैद्यकांना हे चित्रणच उपयोगी पडते.

एकाएकी एक पाय उचलून धरला तर आधी तळवा तपासावा. चिकूच्या वाडीत रुतलेला काटा, तुटलेले नख किंवा बोटांच्या बेचक्यातली गोचीड तिथे सापडू शकते. पॉमेरेनियनसारखा लहान कुत्रा चार पावले तीन पायांवर उड्या मारत जातो आणि पुन्हा नीट चालतो, तेव्हा गुडघ्याची वाटी सरकत असण्याचा संभव असतो. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखा पळू लागला तर खुब्याच्या सांध्यात दोष असू शकतो. आज हा पाय, उद्या तो, अशी लंगड बदलत असेल, अंगात ताप असेल आणि अन्नावरची वासना उडाली असेल, तर गोचिडीमुळे येणाऱ्या तापाची शंका घ्यावी. रक्त तपासून त्यावर उपचार करता येतात. लांब पाठीचा डॅशहुंड मागचे पाय ओढू लागला तर मणक्यांमधील चकती सरकली असावी. त्याला उचलून नेताना पाठ सरळ ठेवावी आणि वेळ दवडू नये.

कधी वृद्ध कुत्रा अचानक मान एका बाजूला कलती करतो, गोल फिरतो, तोल जाऊन पडतो. घरच्यांना हा पक्षाघात वाटतो. पुष्कळदा तो आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि काही दिवसांत बराच ओसरतो. निदान मात्र पशुवैद्यकांनीच करावे.

दोन प्रसंगी मात्र थांबणे धोक्याचे असते. पहिला सर्पदंशाचा. डहाणू तालुक्यात सर्पदंश हा इतका मोठा प्रश्न आहे की भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संशोधकांनी येथे त्यावर काम केले आहे. नाग किंवा मण्यार चावल्यास कुत्रा झोकांड्या देतो, पापण्या मिटू लागतात, पाय लुळे पडतात. घोणस चावल्यास पाय सुजतो आणि कुत्रा लंगडतो. अशा वेळी घरगुती उपाय न करता त्याला तत्काळ पशुवैद्यकांकडे न्यावे.

दुसरा प्रसंग रेबीजचा. पिसाळलेला कुत्रा अंगावर धावूनच येतो, असे नाही. या रोगाच्या एका प्रकारात तो शांत, सुस्त असतो. मागचे पाय लटपटतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. घशात हाड अडकले असे समजून माणसे तोंडात हात घालतात. तसे कदापि करू नये. कुत्रा चावला, ओरबाडले किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. तेथे ही लस विनामूल्य दिली जाते. लक्षणे उमटल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून कुत्र्याची वार्षिक लस कधीही चुकवू नये.

आता एक आग्रहाची विनंती. तुमच्या गुडघेदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका. आपल्याला गुण आला म्हणून मायेपोटी अर्धी गोळी भाकरीत घालून देणारी माणसे असतात. आयब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांमुळे कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृताला व रक्तपेशींना घातक ठरते. कुत्र्यांसाठीची वेदनाशामके निराळी असतात आणि त्यांची मात्रा वजनावर ठरते.

दुखणे वार्धक्यातील सांध्यांचेच आहे, असे निदान झाले तरी करण्यासारखे पुष्कळ असते. वजन आटोक्यात ठेवावे. गुळगुळीत फरशीवर गोणपाट किंवा जाजम अंथरावे. सारवलेल्या अंगणात नीट चालणारा कुत्रा फरशीवर घसरतो. एका लांब फेरीऐवजी दोन लहान फेऱ्या माराव्यात. तोल जाणाऱ्या कुत्र्याचा पट्टा मनगटाला गुंडाळू नये. तो पायात आला तर तुम्हीच पडाल.

उद्या सकाळी फिरायला निघाल तेव्हा क्षणभर थांबून त्याला आपल्या पुढे चालू द्या आणि मागून त्याची पावले पाहा. नेहमीची चाल ठाऊक असली, तरच ती बदलल्याचे वेळीच कळते.