गर्दी कोणाची, खंड कोणाला?

अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, होतकरू तरुणाला सध्या एकच मंत्र दिला जात आहे. आधी संकेतस्थळ उघड. मग फेसबुकवर पान आणि इन्स्टाग्रामवर खाते काढ. तेथून गर्दी लोटेल आणि गर्दी लोटली की भाग्य उघडेल. प्रशिक्षणवर्गांत हाच उपदेश, तालुक्याच्या गावी नव्याने निघालेल्या जाहिरात-सल्लागारांच्या दुकानांतही हाच उपदेश. अकोल्याचा तांदूळ विकू पाहणारा बचतगट, राहात्याचा पेरूवाला, श्रीगोंद्याचा लिंबू-उत्पादक आणि गावोगावच्या बातम्या देणारा छोटा संकेतस्थळवाला, सारेच या मंत्राच्या नादी लागले आहेत. आज किती लोक येऊन गेले, हा आकडा रात्री झोपण्यापूर्वी पाहिल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही. या आकड्यातून हाती काय पडले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आता विचारलाच पाहिजे.

पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. तेथे पाल ठोकून बसणारा साधा दुकानदारही एक गोष्ट पक्की जाणून असतो. पालावरून किती माणसे गेली, यावर त्याचा गल्ला ठरत नाही. किती थांबली, किती जणांनी माल घेतला आणि पुढील वर्षी किती जण त्याच पालाचा माग काढीत आली, यावर तो ठरतो. गर्दीच्या आकड्यात खरा रस असतो तो जागेचे भाडे वसूल करणाराला. कारण गर्दी जितकी अधिक, तितका त्याचा दर चढा. समाजमाध्यमांच्या व्यवहारात नेमके हेच घडले आहे. भाडे घेणाराचा हिशेब दुकानदाराने आपला म्हणून स्वीकारला आहे.

हिशेब मांडून पाहावा

एखाद्या बचतगटाचे कल्पित उदाहरण घ्यावे. आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून. पाच किलो तांदळाच्या पिशवीमागे सर्व खर्च वजा जाता गटाला ७५ रुपये सुटतात. गटाने ५,००० रुपये फेसबुकवरील जाहिरातीवर खर्च केले आणि त्यातून १०,००० माणसे संकेतस्थळावर येऊन गेली. आकडा डोळे दिपविणारा आहे! पण त्यांपैकी बहुतेकांनी अंगठ्याने पान वर सरकवता सरकवता चुकून पाहावे तसे पाहिले आणि ती निघून गेली. पिशव्या विकल्या गेल्या ४०. गटाला सुटले ३,००० रुपये, गेले ५,०००. म्हणजे दहा हजारांची गर्दी जमवून २,००० रुपयांची खोट आली.

आता याच हिशेबात एकच बदल करावा. त्या ४० गिऱ्हाइकांपैकी १० जणांनी वर्षभरात प्रत्येकी आणखी पाच वेळा तांदूळ मागवला. या पन्नास पिशव्यांचे ३,७५० रुपये मिळाले आणि खोट भरून निघून १,७५० रुपये नफा झाला. दोन्ही हिशेबांत येऊन गेलेल्यांचा आकडा तोच, दहा हजार. फरक पडला तो दहा माणसे परतल्यामुळे. आणि ती परतली कशामुळे? गटाच्या वहीत त्यांचे नाव, पत्ता आणि फोन नंबर होता म्हणून. त्याच दहा जणांना पुन्हा फेसबुकच्या जाहिरातीतूनच गाठायचे ठरवले असते, तर जुन्याच गिऱ्हाइकासाठी नव्याने पैसे मोजावे लागले असते. तेव्हा समाजमाध्यमांतून येणारी वर्दळ फायद्याची की तोट्याची, याचे उत्तर वर्दळीत नाही. गिऱ्हाइकाची वही कोणाच्या हाती राहते, यात आहे.

वर्दळ मोजण्याचे मापही भाडे घेणाऱ्याच्याच हाती आहे, हे विसरून चालणार नाही. लोक चित्रफिती सरासरी किती वेळ पाहतात, याचे आपण दिलेले आकडे फुगलेले होते आणि ही चूक सुमारे दोन वर्षे चालू होती, अशी कबुली फेसबुकने २०१६ साली दिली. जाहिरातदारांनी भरलेला दावा २०१९ मध्ये चार कोटी डॉलर देऊन मिटवावा लागला. बाजारात वजनमापाची तपासणी होते, खोट्या मापाबद्दल दंड होतो. या अजस्र बाजारात मात्र काटा मारणाराच काटा तपासतो.

खंडकऱ्यांचा धडा

अर्थशास्त्रात रिकार्डोच्या काळापासून खंडाची मीमांसा चालत आली आहे. जमीनदार काही पिकवीत नाही. जागा त्याच्या ताब्यात असते, एवढ्यावरच त्याला उत्पन्नाचा वाटा मिळतो. नगर जिल्ह्याला हे पुस्तकातून शिकवण्याची गरज नाही. येथे ‘खंडकरी’ हा शब्द तीन पिढ्यांच्या दुःखाचा वाहक आहे. श्रीरामपूर-कोपरगाव भागात खासगी साखर कंपन्यांनी उसासाठी लहान शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, कंपन्यांकडील जमिनी निघाल्या. पण त्या मूळ मालकांकडे गेल्या नाहीत, तर १९६३ साली निघालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ मालक बांधावर उभा राहून आपलीच जमीन पाहत बसला. मोर्चे निघाले, आंदोलने झाली, कोर्टकज्जे झाले. जमिनी परत मिळू लागण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

संकेतस्थळाच्या मालकाची आज तीच वाट चालू आहे. संकेतस्थळ ही त्याची हक्काची जमीन. परंतु वर्दळीच्या मोहाने तो आपला मजकूर, छायाचित्रे आणि जमवलेली माणसे फेसबुकच्या शिवारात नेऊन लावतो. आरंभी तेथे सारे फुकट असते. पीक जोमात येते, माणसांना तेथेच जाण्याची सवय जडते, आणि मग मालक नियम बदलतो. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की, यापुढे नातेवाईक आणि मित्र यांच्या मजकुराला अग्रक्रम मिळेल, व्यवसायांच्या आणि बातम्यांच्या पानांचा मजकूर मागे पडेल. ज्यांनी वर्षानुवर्षे ‘आमचे पान पाहा’ म्हणून लोकांना तिकडे पाठवले, त्यांनाच आपल्या वाचकांपर्यंत पोचण्यासाठी पैसे मोजण्याची पाळी आली. खंडकऱ्याला निदान नाममात्र खंड तरी मिळत होता. येथे जमीन देणाराच खंड भरतो! मेटा कंपनीचे २०२४ चे उत्पन्न १६४ अब्ज डॉलरांच्या वर गेले, आणि त्यातील सुमारे १६० अब्ज जाहिरातींचे होते. हा डोंगर अशा कोट्यवधी लहान खंडांतूनच उभा राहिला आहे.

मालकाची मर्जी फिरली की काय होते, याचे दाखलेही ताजे आहेत. बातम्या देणाऱ्या संस्थांना मोबदला द्यावा, असा कायदा कॅनडाने २०२३ साली केला. तेव्हा मेटाने ऑगस्टपासून त्या देशात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून बातम्याच हद्दपार केल्या. त्याच महिन्यात तेथील रानांत वणवे पेटले होते, गावे खाली केली जात होती आणि लोकांना बातम्यांची निकड होती. कंपनीला त्याची दिक्कत वाटली नाही. आपल्याकडे २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. बंदी योग्य की अयोग्य, हा प्रश्न वेगळा. परंतु खेड्यापाड्यांतील ज्या तरुणांनी तेथे लाखोंचा प्रेक्षक जमवला होता, तो प्रेक्षक एका रात्रीत गेला, कारण त्यातील एकाचाही पत्ता त्यांच्याजवळ नव्हता.

पाण्याची बातमी कोण देणार?

मालविक्यांचे नुकसान पैशांत मोजता येते. बातम्यांच्या संकेतस्थळांचे नुकसान त्याहून खोल आहे, आणि ते साऱ्या समाजाला भोगावे लागते. मुळा, भंडारदरा, कुकडी यांच्या आवर्तनाची तारीख, जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून सोडायच्या पाण्याचा वाद, कांद्याचे बाजारभाव, बाजार समितीतील कारभार, या नगर जिल्ह्याच्या जीवनमरणाच्या बातम्या आहेत. पण फेसबुकच्या गणिताला त्यांचे काय होय? चौकातल्या हाणामारीची चित्रफीत पन्नास हजार लोक पाहतात. आवर्तनाची बातमी पाचशे. हजार दर्शनांमागे काही रुपये, अशा दराने जगणारा संपादक हळूहळू हाणामारीकडे झुकतो. तो मुळात वाईट असतो असे नव्हे. त्याचा मालक बदललेला असतो. वर्गणीदार त्याचा मालक होता तोवर तो वर्गणीदाराला जबाबदार होता. आता तो दूरदेशीच्या एका यंत्राची मर्जी राखतो.

याच जिल्ह्याने याहून वेगळा मार्ग दाखवला आहे. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ काढला आणि नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून १९६७ पर्यंत तो चालवला. खेड्यात छापखाना चालवणे हेच तेव्हा दिव्य होते. ‘दीनमित्रा’ला गर्दी नव्हती, वाचक होते. सत्यशोधक विचाराचा हा वाचक कोठे राहतो, हे पत्राला ठाऊक होते आणि अंक टपालाने थेट त्याच्या दारी जात असे. दोहोंच्या मध्ये कोणी जमीनदार उभा नव्हता. म्हणूनच सत्ताधाऱ्यांना आणि भटशाहीला न रुचणारे लेखन ते पत्र अर्धशतकाहून अधिक काळ करू शकले.

आक्षेप आणि उत्तर

यावर विचारले जाईल की, ज्याला पुण्या-मुंबईत दुकान नाही, वर्तमानपत्रांत जाहिरात देण्याची ऐपत नाही, त्या लहान उत्पादकाने मग जावे कोठे? समाजमाध्यमाने त्याला निदान दार तरी उघडून दिले ना? हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. दवंडी म्हणून या माध्यमांचा उपयोग निश्चित आहे. परंतु दवंडी पिटून माणसे चावडीवर बोलवायची असतात. दवंडीवाल्याच्या घरी त्यांचा मुक्काम हलवायचा नसतो. पुणतांब्याच्या शेतकऱ्यांचा १ जून २०१७ पासूनचा संप मोबाईलवरून राज्यभर गाजला, हे खरे. पण त्या संपाचा निर्धार झाला तो गावाच्या सभेत, समोरासमोर. संघटना आधी होती, गाजावाजा मागून आला. क्रम उलटला की केवळ गाजावाजा उरतो.

म्हणून संकेतस्थळवाल्याने पहिले काम करावे ते वहीचे. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे व वाचकाचे नाव आणि संपर्क, त्याच्या संमतीने, आपल्या दप्तरी नोंदवावा. किती आले याऐवजी किती परतले, हा आकडा रोज पाहावा. परतणाऱ्यांचा नफा जाहिरातीच्या खर्चाला पुरत नसेल, तर ती जाहिरात बिनदिक्कत थांबवावी.

दुसरे काम एकट्यादुकट्याचे नाही. वीस बचतगटांनी वीस संकेतस्थळे काढून एकमेकांविरुद्ध फेसबुकवर बोली चढवावी, यात लाभ फेसबुकचाच. सावकार आणि व्यापारी यांच्या कचाट्यातील ऊस-उत्पादकाला एकट्याने सुटता येणार नाही, हे ओळखून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला. पुढे सहकारात सम्राट माजले, हा दोष सहकाराच्या तत्त्वाचा नव्हे, ते सोडून देणाऱ्यांचा आहे. तालुक्याच्या उत्पादकांचे एक सामाईक, सभासदांच्या मालकीचे संकेतस्थळ आणि एक सामाईक वही, हे आजच्या काळातील सहकाराचे पाऊल ठरेल.

तिसरे काम राज्यकर्त्यांचे. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामकाने भेदभावाच्या दरांना मनाई केली आणि फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना रोखली. जनमताचा रेटा असला की या कंपन्यांना वेसण घालता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. त्याच वर्षी परदेशी कंपन्यांना जाणाऱ्या जाहिरातीच्या पैशांवर सहा टक्के समकारी शुल्क बसवण्यात आले होते. तेही १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. बचतगटाच्या पाच हजारांतून जो खंड सातासमुद्रापार जातो, त्यातील हा अल्पसा वाटाही सरकारने सोडून दिला. हे शुल्क पुन्हा बसवावे, वर्दळीचे आकडे तिऱ्हाइताकडून तपासून घेण्याची सक्ती करावी आणि नियम बदलण्यापूर्वी पुरेशी पूर्वसूचना देणे बंधनकारक करावे, या मागण्या लहान उत्पादकांच्या संघटनांनी लावून धरल्या पाहिजेत.

खंडकऱ्यांच्या आजोबांनी कागदावर अंगठा उठवला, तेव्हा त्या कागदाचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगितला नव्हता. आजचा तरुण शिकलेला आहे. त्याचाही अंगठा दिवसातून शंभरदा काचेवर उठतो. निदान त्याने तरी खाली काय लिहिले आहे, ते वाचूनच अंगठा उठवावा.