आधी सेलचा कप्पा उघडा

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या, भांडीकुंडी यांसाठी मोठी माणसं जायची. आम्हा पोरांचं लक्ष मात्र खेळण्यांच्या दुकानात टांगलेल्या व्हिडिओ गेमवर असायचं. त्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असे. वरून पडणाऱ्या विटा रचायचा खेळ मुख्य. तोच ‘टेट्रिस’, जो १९८४ साली रशियात अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तयार केला. पुढे भारनियमनाच्या काळात संध्याकाळी वीज गेली, की घरात कंदील, टॉर्च आणि हा गेम एवढंच चालायचं. कुणाचा मामा-काका आखातात असेल, तर त्या घरात १९८९ साली निघालेला खरा ‘गेमबॉय’ही असे.

आज ही यंत्रं माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. कधीतरी एखादं सापडतं, नवीन सेल घातले जातात, बटण सरकवलं जातं आणि काहीच होत नाही. “मेला” म्हणून ते भंगारवाल्याच्या पोत्यात जातं. शहापूर-मुरबाडच्या वाचकांना माझं सांगणं एवढंच आहे, की ते टाकण्याआधी सेलचा कप्पा नीट बघा. माझ्या हातात आलेल्या बहुतेक ‘मेलेल्या’ गेमचा आतला भाग धडधाकट होता. वीज तिथवर पोचत नव्हती, एवढंच.

असं का होतं ते समजून घ्या. आपण वर्षानुवर्षं वापरलेले स्वस्त पेन्सिल सेल जस्त-कार्बनचे. त्यांचं जस्ताचं डबडं हाच सेलचा ऋण ध्रुव असतो. वीज देता देता ते डबडं झिजतं. सेल संपल्यावरही झीज थांबत नाही. शेवटी भोक पडतं आणि आतला रस बाहेर येतो. अल्कलाईन सेल जास्त टिकतो, पण त्यालाही हेच दुखणं आहे. पडून राहिला की आत वायू साठतो, सील सुटतं आणि कप्प्यात पांढरी पूड जमते. त्यात आपल्याकडचा पाऊस. भातसा आणि तानसा ही धरणं भरून मुंबईला पाणी पुरवणारा हा मुलूख. चार महिने कपाटातल्या कपड्यांनाही दमट वास येतो, तिथे लोखंडी स्प्रिंगचं काय होणार?

तर झाकण उघडा. पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर ती फुंकू नका, डोळ्यांत जाते. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. फुटलेला सेल अल्कलाईन असेल (सेलवर तसं लिहिलेलं असतं), तर कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पूड पुसा. साधा जस्त-कार्बनचा असेल, तर त्याचा रस आम्लधर्मी असतो. तिथे पाण्यात कालवलेला खायचा सोडा लावा. बोळा ओला हवा, त्यातून पाणी टपकता कामा नये. मग मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ‘आयपीए’ नावाने मिळणाऱ्या द्रवाने पुसून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. थिनर अजिबात लावू नका, प्लास्टिक विरघळतं. पत्र्यावर पॉलिश पेपर जोरात घासला तर वरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसात दुप्पट गंज चढतो. त्यापेक्षा साधं खोडरबर बरं.

एवढ्यानेच निम्मे गेम चालू होतात. नाही झाला, तर बटण पाहा. सरकत्या बटणाच्या आत पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यांवर काळा थर बसतो. सेल काढून ठेवा आणि बटण पंचवीस-तीस वेळा मागेपुढे करा. मग सेल घालून बटण हलवल्यावर गेम क्षणभर उजळून विझत असेल, तर दोष तिथेच आहे. गेमबॉयच्या बाबतीत आणखी एक गंमत होते. बाजूची काळोख-उजेडाची चकती फिरलेली असते, पडदा कोरा दिसतो आणि माणूस समजतो यंत्र गेलं. लाल दिवा लागतोय का, ते आधी बघा.

त्यापुढे मल्टीमीटर लागतो. गावातल्या इलेक्ट्रिशियनकडे तो असतोच. नवा पेन्सिल सेल दीड व्होल्ट दाखवतो. चार सेलच्या गेमबॉयला एकूण सहा मिळायला हवेत. सेल घातल्यावर कप्प्याच्या टोकांशी वीज आहे, पण आतल्या सर्किटच्या पाटीवर नाही, असं दिसलं तर मधली बारीक वायर तपासा. रस वायरच्या प्लास्टिकच्या आतून सरकत जातो आणि तांबं काळं पडतं. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, वायरच बदलावी लागते. टीव्ही-रेडिओवाल्याचं ते दहा मिनिटांचं काम आहे. पाटीपर्यंत वीज पोचूनही स्वस्त गेम गप्प असेल, तर मात्र हट्ट सोडा. त्याची चिप काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली बंद असते, ती बदलता येत नाही.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगतो. सेल महाग म्हणून जुना एलिमिनेटर, म्हणजे सेलऐवजी घरची वीज देणारा अ‍ॅडॉप्टर, खुपसू नका. गेमबॉयच्या पिनेचं मधलं टोक ऋण असतं आणि बाजारातल्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरचं धन. उलटी वीज गेली, तर पाच मिनिटांपूर्वी दुरुस्त होणारं यंत्र कायमचं जाऊ शकतं. एलिमिनेटरवर व्होल्ट बदलायची खिट्टी असते, तीही नेमकी बारावर असू शकते. ज्या गेममध्ये मोबाईलसारखी चार्ज होणारी बॅटरी आहे आणि ती फुगली आहे, तो चार्ज करू नका, ती बॅटरी टोचू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

फुटलेल्या सेलचं काय करायचं? आपल्याकडे ते अंगणातल्या कचऱ्याबरोबर पेटवले जातात किंवा शेताच्या बांधावर टाकले जातात. आगीत सेल फुटून उडतो आणि बांधावरचा रस भाताच्या खाचरात उतरतो. बॅटरी कचऱ्याचे नियम देशात २०२२ साली आले. पेन्सिल सेलही त्यांत येतात, आणि वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपल्या पाड्यापर्यंत ती व्यवस्था पोचावी म्हणून ग्रामसभेत विषय मांडा. तोवर कोरड्या प्लास्टिकच्या बरणीत सेल साठवा आणि कल्याण-ठाण्याला जाणाऱ्या कुणाच्या हाती ई-कचरा संकलन केंद्रात पोचवा.

आणि हे फक्त गेमसाठी नाही. पंप चालू करायला रात्री शेतावर नेतो ती टॉर्च, आजीचा ट्रान्झिस्टर, भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीचा रिमोट, सगळ्यांना हाच रोग होतो. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. कमजोर सेल आधी फुटतो. महिनाभर वापरणार नसाल ती वस्तू सेल काढूनच ठेवा. मिरगाच्या आत एक दुपार काढा, माळ्यावरची पेटी खाली घ्या आणि घरातला प्रत्येक सेलचा कप्पा उघडून बघा.