सूर्यास्त, सूनबाई आणि स्पीड ओव्हन



स्वयंपाकघर नवीन करायला काढलंय. ओटा झाला, फरशी झाली, आणि गाडी अडली ती ओव्हनवर. मुलाचं म्हणणं, एकदाच खर्च करतोय तर भिंतीच्या कपाटात बसणारा स्पीड ओव्हनच घेऊ. सासूबाईंचं म्हणणं, शेगडीवर एवढ्या पिढ्या जेवल्या, त्या उपाशी राहिल्या का? सूनबाई काहीच बोलत नव्हती, आणि खरी गरज तिचीच होती.

ती नागापूर एमआयडीसीत एका कंपनीत हिशेब बघते. सावेडीत घरी पोचेपर्यंत साडेपाच होतात. मी कापड बाजारातल्या आमच्या दुकानात, मीही त्याच सुमारास येते. सासूबाईंना ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही. लग्नानंतर सूनबाईने आपणहून चौविहार धरला. जूनमध्ये अडचण नसते, सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो. पण नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या आत सूर्यास्त. म्हणजे हातपाय धुऊन, रांधून, जेवून उठायला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. गेल्या हिवाळ्यात ती सकाळचाच डबा पाच वाजता खाऊन यायची, नाहीतर तशीच राहायची. जानेवारीत एकदा जिन्यात चक्कर येऊन बसली. मी म्हटलं, थंडीपुरता नियम सोड. तर म्हणाली, "मम्मी, नियम जड नाहीये, गार पोळी जड जाते."

त्या दिवसापासून मी या प्रश्नाकडे हौस म्हणून बघणं सोडलं.

आता स्पीड ओव्हन म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगते. मायक्रोवेव्हच्या लहरी पदार्थातल्या पाण्याला हलवून तो तापवतात, पण वरून खरपूस करत नाहीत. साधा ओव्हन गरम हवेने वरून छान भाजतो, पण आधी तापायला दहा-पंधरा मिनिटं घेतो आणि मग अर्धा-पाऊण तास. स्पीड ओव्हनमध्ये दोन्ही एकाच वेळी चालतं, वर ग्रिल आणि हवा फिरवायला पंखा. त्यामुळे बऱ्याच पदार्थांना आधी तापवायची वाट बघावी लागत नाही.

दुकानातला मुलगा पाऊण तास बोलला. रात्रीचं उरलेलं दोन मिनिटांत गरम, फ्रोझन स्नॅक थेट आत. मी मनात म्हटलं, बाळा, आमच्या घरी शिळं ठेवतच नाहीत आणि फ्रोझन येत नाही. ज्यासाठी लोक ही वस्तू घेतात त्यातलं निम्मं आपल्याला लागूच नाही. बटणावरच्या तयार मेनूत तर चिकनचेच किती प्रकार! (दुकानातला मांडून ठेवलेला नमुना स्वस्तात मिळत असला तरी घेऊ नका. त्यात काय काय भाजून दाखवलंय कोण जाणे. सीलबंद खोकंच मागा.)

सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "दार उघडलं की आत दिवा लागतो का?" मुलगा खूश होऊन म्हणाला, "हो आजी, आपोआप लागतो!" त्याला ते कौतुक वाटलं. ज्यांच्या घरी महासतीजी गोचरीला येतात त्यांना कळलंच असेल. आपल्या स्थानकवासी घरांत विजेचा संघट्टा टाळतात, बाकी संप्रदायांची मतं वेगळी आहेत. म्हणजे दारात महाराजसाहेब आणि बाटी ओव्हनमध्ये, तर ती बाटी त्यांच्यासाठी असुझती. फ्रिजचं जे, तेच याचं. यावर उपाय साधा आहे. शिजलं की लगेच बाहेर काढून झाकून ठेवायचं, ओव्हनला कपाट करायचं नाही.

मला खरं खटकलं ते वेगळंच. भिंतीतला ओव्हन लाकडी चौकटीत पक्का बसतो, मागे हवेसाठी पोकळी राहते. ती उबदार, अंधारी जागा म्हणजे झुरळांना आमंत्रणच. गॅस पेटवण्याआधी आपण पूंजणी फिरवतो, मग इथे कुठून फिरवणार? दुकानदार म्हणाला, वर्षातून एकदा माणूस येऊन ओव्हन बाहेर काढेल. वर्षातून एकदा जयणा करायची? आणि झुरळं झाली की मग औषध मारा. टेबलावरचा ओव्हन मी स्वतः पुढे ओढून मागची जाळी बघू शकते. हा मुद्दा मला लाखाच्या मुद्द्याहून मोठा वाटतो.

लाखाचाही आहेच. भिंतीतल्याची आम्हाला सांगितलेली किंमत लाखाच्या पुढे होती. ग्रिल, गरम हवा आणि मायक्रोवेव्ह एकत्र चालवणारा २८-३० लिटरचा टेबलावरचा ओव्हन त्याच्या पाचव्या भागात येतो. भिंतीतला जास्त सारखा भाजतो आणि रंगही सुरेख आणतो, हे मान्य. पण तो साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो. २३० व्होल्टवर १६ अँपिअरचा प्लग ३६८० वॅटपर्यंतच जातो. म्हणजे अगदी काठावर, वेगळी वायर हवीच. टेबलावरचा अडीच किलोवॅटच्या आसपास. त्यालाही १६ अँपिअरचाच प्लग द्या, मिक्सरच्या बोर्डात खुपसू नका. पंधरा मिनिटं चालला तर पाऊण युनिटही जळत नाही.

पुण्याला नणंदेकडे असाच आहे, तिथे मी स्वतः करून बघितलं. नुसत्या मायक्रोवेव्हवर बाटी दगड होते. मिश्र पद्धतीवर, जाडसर कणीक आणि पुरेसं मोहन घालून, बारा बाट्या सतरा मिनिटांत झाल्या. शेगडीवरच्या बाटीचा धुरकट वास नाही, पण तूप पडल्यावर कोणी तक्रार केली नाही. कच्च्या केळ्याचं सारण भरलेली ढोबळी मिरची बारा मिनिटांत. ढोकळा तर सहातच.

आता आमचं गणित असं बसेल. साडेचारला सासूबाई बसल्या बसल्या बाट्या वळून ठेवतील, हे काम त्यांना आवडतं. साडेपाचला सूनबाई बटण दाबून हातपाय धुवायला जाईल, मी कुकरला मुगाची डाळ लावीन. पावणेसहाला पाटावर. ढग असले आणि लाइट गेली तर शेगडी आहेच, ती कुठे जात नाही.

दोन गोष्टी मात्र ओव्हनला द्यायच्या नाहीत. एक, आपली स्टीलची भांडी. लहरी चालू असताना ठिणग्या उडतात. काचेची दोन-तीन वेगळी घ्यावी लागतील, तो खर्च आधीच धरा. दुसरं, पिण्याचं पाणी. मायक्रोवेव्हमध्ये पाणी कधी कधी बुडबुडा न येता उकळीच्या पुढे तापतं आणि चमचा घालताच अंगावर उसळतं. आणि तीन उकळ्या आल्याचं डोळ्यांनी दिसायला हवं ना! ते पातेल्यातच.

तर टेबलावरचा ठरलाय, ओट्याच्या कोपऱ्यात, तिन्ही बाजूंनी हात जाईल असा. दिवाळीच्या आधी येईल. मुलगा जरा हिरमुसलाय. सासूबाईंनी मात्र त्यावर टाकायला क्रोशाचं झाकण विणायला घेतलंय, अर्धं झालंही. वरची जाळी झाकून चालणार नाही, हे त्यांना कोणी सांगायचं, यावर आता घरात चर्चा चालू आहे.