हिशेब जुळेपर्यंत

सुट्टीला आलेली नात जाताना एक पुस्तक विसरून गेली. जादूगारांची गोष्ट, म्हणजे मुलांचे वाचन, असे म्हणून मी ते बाजूला ठेवले होते. एका पावसाळी दुपारी सहज उघडले आणि चहा निवून गेला.

‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ ही उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची १९६८ सालची कादंबरी. बेटांचा कल्पित प्रदेश, ड्रॅगन, मंत्र, सारे काही तिच्यात आहे. पण लेखिकेचे लक्ष आहे ते एका पोरावर. गॉन्ट बेटावरचा, आईवेगळा, शेळ्या राखणारा, तांबूस वर्णाचा गेड. अंगात विद्या आहे आणि विद्येहून मोठा ताठा. त्याचा गुरू ओगियन पाऊस आला तर ढगाला परतवत नाही, मुकाट झाडाखाली आडवा होतो. गेडला ते गुरूचे दुबळेपण वाटते. पुढे रोक बेटावरच्या विद्यालयात जॅस्पर त्याला डिवचतो. ईर्षेने गेड मृतात्म्याला हाक मारतो आणि त्या फटीतून एक छाया जगात शिरते. ती फट बुजवताना वृद्ध कुलगुरूंचा प्राण जातो. मग ती छाया गेडचा पाठलाग करते आणि अखेर तोच वळून तिच्या मागे निघतो. शेवट सांगत नाही. त्यात तलवारबाजी नाही, एवढे मात्र सांगते.

माझे म्हणणे असे, की अद्भुतकथेत नकाशा दुय्यम आणि माणूस मुख्य. गेडचा ताठा खरा वाटला म्हणून मला त्याची छायाही खरी वाटली.

बँकेत असताना मीही एकदा अशाच ताठ्यात, सहकारी बघताहेत म्हणून, नीट न तपासता एका व्हाउचरवर सही ठोकली. चूक उघडकीला आली तेव्हा जाब द्यावा लागला तो काउंटरवरच्या कारकुनाला. मी गप्प बसले. बदली झाली, बढती झाली, निवृत्ती झाली. कादंबऱ्याही लिहिल्या, पण त्या दुपारी मी कधी वळले नाही. साठी उलटल्यावर एका शेळ्या राखणाऱ्या पोराने मला तिथे नेऊन उभे केले.

आणखी एक. हल्ली मालिकेचा पहिला भाग अनेकदा ऐन मोक्यावर तुटतो, म्हणजे वाचकाने दुसरा विकत घ्यावा. इथे तसे नाही. या मालिकेची पुस्तके पुढे २००१ पर्यंत येत राहिली, तरी पहिले पुस्तक आपले खाते स्वतः पूर्ण करते. आमच्या काळी दिवसाची रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे, तसे.

नातीने फोनवर विचारले, “आजी, दुसरा भाग पाठवू का?” म्हटले, पाठव, पण सावकाश. पहिल्या भागाचा माझा हिशेब अजून जुळायचा आहे.