पत्र्याच्या शेडलाही पाया हवा



चार वर्षांपूर्वी आम्ही परसात अम्मींच्या शिलाई मशीनसाठी पत्र्याची शेड टाकली. ‘चार खांब, वर पत्रे, याला पाया कशाला?’ असं मीच म्हणाले होते. पहिल्या पावसात फरशी एका बाजूने उचलली, उन्हाळ्यात खचली. दार लागेना. आत ठेवलेली दोन पोती ज्वारी भिजली. अम्मी काही बोलल्या नाहीत; मशीन मात्र मुकाट्याने पुन्हा स्वयंपाकघरात नेली.

दोष पत्र्याचा नव्हता. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसून भेगाळते आणि वरचं बांधकामही हलवते. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आधी खड्डा घेऊन पाहिला. आमच्या हर्सूलच्या प्लॉटवर अडीच फुटांवर मुरूम लागला. तुमच्याकडे पाच-सहा फुटांपर्यंत काळी मातीच असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेजाऱ्यांच्या भिंतीपासून तीन फूट जागा सोडली. आपल्या पत्र्याचं पाणी त्यांच्या भिंतीत मुरू नये, हा त्यांचा हक्क आहे. परवानगीबाबत महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयातही आधीच विचारावं.

शेड १२ बाय ९ फुटांची. दोन्ही कर्ण १५ फूट भरले की कोपरे काटकोनात! वर्गात दरवर्षी पायथागोरस शिकवते, पण दोरी धरून तो पहिल्यांदाच मुलाला दाखवला.

चर मुरमापर्यंत खणला. तळ ठोकून, पाणी मारून त्यावर चार इंच काँक्रीट टाकलं: एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी. वर काळ्या दगडाचं बांधकाम करून जोतं जमिनीपासून दीड फूट उचललं. आतली काळी माती काढून मुरूम भरला, सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर भिजवून धुम्मसाने ठोकत. जोत्यावरचं काँक्रीट ओलं असतानाच खांबांचे बोल्ट बसवले. नाहीतर वळवाच्या वाऱ्यात शेड उचलली जाते. मग दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. घाई इथेच होते, आणि इथेच नडते.

खर्च पत्र्यांपेक्षा पायावर जास्त झाला. पण एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला, दार आजही एका बोटाने लागतं. मशीन पुन्हा शेडमध्ये आहे, आणि अम्मीही.